ऊ चालेल का?

वाघ चालणार नाही, हा आमच्या खेळाचा पहिला नियम. 'व' आला की वटवाघूळ म्हणा, वंचक म्हणा, विंचू म्हणा, अगदी वाळवीसुद्धा म्हणा, वाघ बाद. ताडोबाच्या पाणवठ्यावर जिप्सीत बसून, ज्याच्यासाठी इतक्या लांब आलो त्यालाच बाद करायचं, यात एक उच्च प्रतीचं समाधान आहे. आपण त्या 'दिसला का, दिसला का' वाल्यांतले नाही, असं स्वतःला सांगता येतं. सांगताना नजर मात्र समोरच्या झुडपावरच असते.

खेळाचं खरं श्रेय जंगलाच्या नियमांना. ताडोबात सफारीला मोबाईल नेता येत नाही. तो काढून ठेवला की सुशिक्षित माणसाच्या हातांना काय करावं ते सुचेनासं होतं. मे महिन्यातली दुपार, इंजिन बंद, डोक्याला ओलं फडकं, समोर हातभर पाणी आणि पाण्याकाठी एक टिटवी. अशा वेळी माणसं एकतर ध्यान लावतील नाहीतर भांडतील. आम्ही मराठी असल्यामुळे नियम करून भांडतो.

आधी साध्या भेंड्याच होत्या, शेवटच्या अक्षरावरून. पण आपल्या जंगलाची एक अडचण आहे. सांबर, भेकर, मगर, अजगर, साळिंदर, उदमांजर, तितर, मोर... अर्धं जंगल 'र' वर संपतं आणि उरलेल्यातलं बरंचसं 'ळ' वर. चितळ, मांडूळ, हरणटोळ, कोकीळ. 'र' वरून रानडुक्कर म्हणावं तर पुन्हा 'र', आणि 'ळ' वरून तर काही सुरूच होत नाही. गाण्यांच्या भेंड्यांत 'ळ' आला की 'ल' घेतात, पण ही सवलत आमच्यातल्या निवृत्त वकीलबाईंनी एका वाक्यात फेटाळली. तेव्हापासून वर्णमालेच्या क्रमानं. ज्याच्या वाट्याला जे अक्षर येईल त्यानं त्यावरचा प्राणी सांगायचा. अडला तर त्याच्यावर भेंडी, आणि अक्षर पुढच्याकडे. ज्ञ झाला की पुन्हा अ, पण एकदा येऊन गेलेला प्राणी पुन्हा नाही. 'ण' आणि 'ळ' या गरिबांसाठी शाळेतल्या तक्त्याचाच तोडगा काढला. तक्त्यावर ण बाणाचा आणि ळ बाळाचा, तसा आमचा ण हरणाचा आणि ळ चितळाचा. ङ आणि ञ यांना शाळेतही कुणी कधी विचारलं नव्हतं; आम्हीही विचारत नाही.

दुसरा नियम विशेषणांचा. तो आमच्यातल्या 'सहाशें'मुळे करावा लागला. सहाशे हे त्यांचं आडनाव नव्हे, लेन्स आहे. सहाशे मिलिमीटरची. जिप्सीत सहा माणसं बसतात असं कागदावर असतं, पण सहाशे आले की सहा माणसं आणि एक लेन्स बसते. लेन्सला स्वतःचा रेनकोट आहे, सहाशेंना नाही. तर पुस्तकांतली पक्ष्यांची निम्मी नावं विशेषणांनीच सुरू होतात, आणि या गृहस्थांनी 'छ' वर 'छोटा पाणकावळा', 'ठ' वर 'ठिपकेवाली मुनिया', 'प' वर 'पांढऱ्या छातीचा खंड्या' असा सपाटा लावला. असंच चाललं तर 'भ' वर 'भुकेला बगळा'ही म्हणतील, असा मुद्दा मी मांडला. विशेषण बाद झालं. फक्त वेड्या राघूसाठी वेगळी सुनावणी झाली. वकीलबाईंनी त्याची बाजू मांडली, की वेडा काढून घेतला तर मागे नुसता राघू उरतो आणि तो दुसराच पक्षी आहे, सबब अशिलाची ओळखच नष्ट होते. राघू सुटला. 'रान' आणि 'पाण' यांचा निकाल अजून लागायचा आहे. 'रान' हे काय प्रकरण आहे हे ज्यानं हा खेळ खेळलाय त्यालाच कळेल. कोंबडा, मांजर, कुत्रा, डुक्कर, पिंगळा, कुणाच्याही पुढे रान लावा, वन्यजीव तयार.

तिसरा नियम सगळ्यांत कडक: प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. टीव्हीवर नाही, पुस्तकात नाही. प्राणिसंग्रहालयातला नाही. यामुळे झेब्रा, जिराफ, याक ही सगळी आयती मंडळी उडाली आणि खेळाला इभ्रत आली.

इभ्रत आली तशीच ती माझ्या नवऱ्यानं घालवली. नवरा मालवणचा. त्याला जंगलाचं प्रेम नाही, माझ्याबरोबर यायची सक्ती आहे. पहिल्याच खेळात 'स' आल्यावर सगळे सांबर, साळिंदर, सुगरण यांतून निवड करत असताना तो शांतपणे म्हणाला, "सुरमई." पाठोपाठ त्याच्या वाट्याला 'र' आला, रावस. मग 'ब' वर बांगडा, 'क' वर करली, 'ख' वर खेकडा, 'त' वर तिसऱ्या. आमच्यातले दंतवैद्य काका शुद्ध शाकाहारी. ते म्हणाले, ताटातला प्राणी चालणार नाही. नवरा म्हणाला, "ताटात तो नंतर येतो हो. आधी समुद्रातच असतो." तिसऱ्या नियमाचं काय, असं सहाशेंनी खडसावून विचारलं. "पाहिलेत की," नवरा म्हणाला, "तुम्ही वाघ बघता त्याहून कितीतरी जवळून." 'ह' वर त्यानं हलवा म्हटलं तेव्हा काकांना वाटलं गाजराचा, आणि ते आनंदानं हो म्हणाले.

आता माझ्याबद्दल. या खेळात मी चांगली आहे, हे कुणीही सांगेल. कुणी सांगितलं नाही तर मी सांगते. माझ्याकडे एक छोटी वही आहे. तिच्यात अवघड अक्षरं आहेत. 'थ' थापट्या, 'फ' फुलटोचा, 'ए' एडका, 'ष' षट्पद म्हणजे भुंगा. सहलीच्या आदल्या आठवड्यात मी ही वही रात्री झोपताना वाचते आणि कव्हर घालून स्वयंपाकघरात पोळ्यांच्या डब्यामागे ठेवते, कारण घरात दुसरं कुणी पोळ्यांच्या डब्यामागे बघत नाही. पण पाठांतर हा कलेचा सोपा भाग झाला. अवघड भाग विसरल्याचा. 'थ' आला की थापट्या तोंडावर आलेला असतो, पण तो लगेच सोडायचा नसतो. आधी कपाळाला आठी. मग वर झाडाकडे नजर. "थ... थ... थांबा हं..." समोरच्याला वाटलं पाहिजे की चढली आता भेंडी हिच्यावर. मग डोळे मिटून, जणू उजनीच्या पाण्यावरचं हिवाळ्यातलं धुकं समोर येतंय अशा चेहऱ्यानं, हळूच: "थापट्या." नंतर गप्प बसायचं. "कुठला हो हा?" असं कुणीतरी विचारतंच. मग भिगवण, मग त्याची ती फावड्यासारखी चोच, मग उत्तरेकडून होणारं स्थलांतर, सगळं ओघानं येतं. एकदा सहाशे म्हणाले होते, "तुमचं वाचन दांडगं आहे." ते वाक्य मी पुढचा अख्खा पावसाळा पुरवून वापरलं.

तिसऱ्या नियमात पुरावा कुठला धरायचा यावर मात्र आमच्यात उघड दोन तट आहेत. सहाशेंच्या मते फोटो नाही तर प्राणी नाही. माझ्या मते माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे. हा वाद निघाला की मी रानपिंगळ्याची गोष्ट सांगते, आणि गंमत अशी की ती सहाशेंच्याच बाजूची आहे. पण ती मला इतकी छान सांगता येते की बाजू कुणाची हे बघत बसायला सवड नसते.

रानपिंगळा म्हणजे हातभरही नसलेलं घुबड, दिवसाढवळ्या हिंडणारं. १८८४ मध्ये आपल्या खानदेशात त्याचे शेवटचे नमुने गोळा झाले आणि मग हा पक्षी शंभरावर वर्षं कुणाला दिसलाच नाही. कुणालाच म्हणजे एका माणसाखेरीज. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी मोठा पक्षीतज्ज्ञ म्हणून मिरवायचा. १९१४ मध्ये गुजरातेत आपण हा पक्षी मारला, असा त्याचा दावा होता आणि पेंढा भरलेला नमुनाही त्याच्या संग्रहात होता. सहाशेंच्या भाषेत, फोटो होता! पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो नमुना बारकाईनं तपासला. तो १८८४ च्याच नमुन्यांपैकी निघाला. या महाशयांनी तो ब्रिटिश म्युझियममधून चोरला होता, थोडा उसवून पुन्हा शिवला होता आणि वर नवी चिठ्ठी लावली होती. असे पुष्कळ पक्षी त्यांनी चोरले होते. मग बाईंनी त्यांची नोंद बाजूला ठेवली, खऱ्या नमुन्यांच्या गावांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा पुन्हा सापडला. महाराष्ट्रात! ११३ वर्षांनी!

गोष्ट संपल्यावर सहाशे म्हणतात, "म्हणूनच म्हणतो, फोटोसुद्धा तपासून घ्यायला हवा." माझं लक्ष नसतं. मला त्या चोराबद्दल एक आतून ओळख वाटत असते. वही पोळ्यांच्या डब्यामागे ठेवणाऱ्या बाईला वाटणारच.

असो. त्या दुपारी आम्ही सहाजण होतो: दंतवैद्य काका, त्यांची नऊ वर्षांची नात, वकीलबाई, सहाशे, नवरा आणि मी. पुढे ड्रायव्हर आणि गाईड. गाईड 'हळू बोला' एवढं सोडून आमच्यात पडत नाहीत. दोन फेऱ्या झाल्या होत्या, सोपे प्राणी संपले होते आणि स्वर पुन्हा सुरू झाले होते. 'उ' वर काकांनी उधई सांगितली. ती वाळवीच, पण वाळवी अजून आली नव्हती. पुढचं अक्षर माझं. 'ऊ'.

ऊद तर पहिल्या फेरीत गेला होता. सगळ्यांचे चेहरे फुलले. मी कपाळाला आठी घातली, वर झाडाकडे पाहिलं, डोळे मिटले.

"ऊ," मी म्हणाले.

"हो, अक्षर ऊच आहे. प्राणी सांगा."

"ऊ. डोक्यातली."

क्षणभर शांतता. मग एकदम सगळे कुजबुजीत ओरडले. कुजबुजीत ओरडणं ही ताडोबात आत्मसात होणारी कला आहे. सहाशे म्हणाले, हा वन्यजीव नाही. मी म्हटलं, पाळीव आहे का मग? कुणी पाळलीय? वकीलबाई पुढे सरसावल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक स्वतंत्र अनुसूची होती. कावळा, उंदीर, घुशी, फळं खाणारी वटवाघळं, अशी मंडळी तिच्यात होती. ती अनुसूची अलीकडच्या दुरुस्तीनंतर गेली. "पण ऊ तिच्यातही नव्हती," वकीलबाई म्हणाल्या. म्हणजे ऊ कायद्यानं उपद्रवीसुद्धा नाही. हे ऐकून मला एकदम तिची बाजू घ्यावीशी वाटली.

आणि तिची बाजू घ्यायला पुष्कळ आहे. कुणी घेत नाही म्हणून मी घेते.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. फक्त चालते. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जायचं तर दोन डोकी एकमेकांना टेकावी लागतात, म्हणजे जिथं माया आहे तिथंच तिचा प्रसार आहे. वाघाला पंचवीस-पन्नास चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो. हिचं सगळं राज्य दोन कानांच्या मधे. माणसाच्या डोक्यावरून खाली पडली तर दोन दिवसांत मरते. कुत्र्याच्या, गाईच्या अंगावर हिचं भागत नाही. हिला माणूसच लागतो. इतकी एकनिष्ठा माझ्यावर दुसऱ्या कुठल्या प्राण्यानं दाखवल्याचं मला आठवत नाही, आणि यात मी घरचेही धरले आहेत. चिंपांझीच्या अंगावर हिची चुलत बहीण असते. माणसाचा आणि चिंपांझीचा वंश वेगळा झाला तशा या बहिणीही वेगळ्या झाल्या. पुढे माणूस कपडे घालू लागला तेव्हा कपड्यांत राहणारी एक वेगळी ऊ तयार झाली. ती डोक्यातलीपासून कधी फुटून निघाली हे शोधून माणसानं कपडे कधी चढवले याचा अंदाज बांधणारे शास्त्रज्ञ आहेत. आपली लाज केव्हापासूनची हे उवेला विचारावं लागतं. माणसाच्या अंगावर आणखी एक, तिसरी ऊ राहते. तिचा संबंध गोरिलाशी जोडतात आणि तिचा पत्ता अशा लेखात देत नाहीत.

आणि संवर्धन! आसामच्या मानसमध्ये पिग्मी हॉग नावाचं पिटुकलं रानडुक्कर आहे, जगातलं सगळ्यांत छोटं. ते नाहीसं होण्याच्या बेतात आहे म्हणून लोक त्याला जपतात. त्याच्या अंगावर एक ऊ आहे जी फक्त त्याच्याच अंगावर राहते. डुकराबरोबर तीही धोक्यात, आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिचं नाव सगळ्यांत गंभीर वर्गात आहे. ही भाग्यवान. कॅलिफोर्नियात काँडर नावाचं अवाढव्य गिधाड आहे. १९८७ मध्ये जगात त्याचे २७ पक्षी उरले होते. सगळे पकडले, पिंजऱ्यात वाढवले, पुन्हा सोडले. आज ते शेकड्यांनी आहेत. वन्यजीव संवर्धनाची इतकी देखणी गोष्ट दुसरी नाही. फक्त पकडल्यावर पहिलं काम म्हणून त्यांना औषध मारून स्वच्छ केलं. त्यांच्या पिसांत एक ऊ होती, तिथंच राहणारी, त्यांना फारसा त्रास न देणारी. ती त्या दिवसापासून जगात नाही. कुणी डबा भरून बाजूला ठेवली नाही, कुणाला सुचलंही नाही. वन्यजीव वाचवणाऱ्या भल्या माणसांनी, वन्यजीव वाचवताना, एक वन्यजीव संपवला आणि हात धुतले. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. मीही धुतलेच असते.

इतकं सांगून मी पाणी प्यायले. टिटवी जागेवरच होती.

पण तिसरा नियम? सहाशेंनी विचारलं, "तुम्ही पाहिलीय?" मी हसले. आमच्या आजोळी मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी ओसरीवर रांग लागायची. सगळ्यांत मागे आजी, तिच्यापुढे मावशी, मावशीपुढे मोठी मामेबहीण, मग मी; प्रत्येकीचे हात पुढचीच्या डोक्यात. बारीक दातांची लाकडी फणी, खाली जुन्या धोतराचं पांढरं फडकं, वाटीत कापूर घातलेलं खोबरेल. सीताफळाच्या बियांची पूड लावायची असली की डोळे घट्ट मिटून घ्यायचे, कारण ती डोळ्यात गेली तर आग व्हायची. सापडलेली ऊ दोन अंगठ्यांच्या नखांमधे, चट्. लिखा केसाच्या मुळाशी अशा डकवलेल्या की केसासकट ओढूनच काढायच्या. आणि या सगळ्यात गोष्टी चालायच्या, ज्या बायका समोरासमोर बसून एकमेकींना सांगत नाहीत, त्या पुढचीच्या मानेकडे बघत सांगायच्या. कुणाचं सासर, कुणाचं दुसरेपण. माझ्या डोक्यात मागचीची बोटं शेवटची कधी फिरली ते मला माहीत नाही. पुढे शाम्पू आला, मग केस कापले. उवा गेल्या. कुणी त्यांची आठवण काढत नाही, आणि काढावी असंही माझं म्हणणं नाही.

"पाहिलीय," मी म्हणाले. निकाल राखून ठेवण्यात आला.

पुढे 'ऋ' वर वकीलबाईंनी ऋक्ष म्हटलं, म्हणजे अस्वल, आणि संस्कृत चालतं का यावर थोडं झालं. 'ए' एडका गेला होता; नवरा म्हणाला "एकशिपी". ते मालवणचं आहे का, मासा आहे का, तो आत्ता तयार केला का, यातलं काहीच आम्हाला सिद्ध करता येईना. 'ऐ' वर ऐरावत कुणी पाहिलेला नाही. 'ओ' वर भेंडी. 'औ' काकांकडे आला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "औषधालाही न उरलेला माळढोक."

सगळे हसले. विशेषण बाद, असं वकीलबाई हसतच म्हणाल्या. मग कुणी काही बोलेना.

काकांनी माळढोक पाहिलाय. तरुणपणी नान्नजला, सोलापूरजवळ. जवळजवळ माणसाच्या कमरेएवढा उंच पक्षी, गवतात गळ्याची पिशवी फुगवून घुमत उभा असलेला. १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. गावं, बाजार, एसटी स्टँड, उसाची शेतं, सगळं त्यात. कागदावर महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं अभयारण्य होतं. पुढे ते कापून लहान केलं. माळ गेले, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला उडताना समोरचं नीट दिसत नाही, आणि एवढ्या जड अंगाला ऐनवेळी वळता येत नाही. सालीम अलींना हा आपला राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं. १९६३ मध्ये मोर झाला.

"आजोबा," नात म्हणाली, "मला 'म' वर माळढोक कधीच म्हणता येणार नाही?"

"राजस्थानात आहेत अजून थोडे. नेईन तुला जैसलमेरला."

"आणि गिधाड?"

गिधाडं मी लहानपणी गावाबाहेर, मेलेली जनावरं टाकायच्या जागेवर, मोजता न येणारी पाहिलीत. 'ग' वर मला ती विचारही न करता येतात. तिला ती तशी दिसणं अवघड आहे. आम्ही मोठ्या ऐटीत केलेल्या या तिसऱ्या नियमानं वर्णमालेची वाटणी वयाप्रमाणे होत होती, आणि तिच्या वाट्याला कमी अक्षरं येत होती. वकीलबाईंनी तोडगा सुचवला, की आजोबांनी पाहिलेला प्राणी नातीला वारसाहक्कानं मिळावा. कल्पना सगळ्यांना आवडली. नातीला नाही.

"नको. मग चित्ता फक्त माझा. मी कुनोला पाहिलाय. तुमच्यापैकी कुणी नाही."

खरंच होतं. चित्ता भारतातून संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. आमच्या पिढीला तो गोष्टीतला प्राणी. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ आणले आणि या नऊ वर्षांच्या पोरीच्या यादीत तो आला. सहाशेंनी मत्सरानं लेन्सवरची धूळ पुसली. नातीचा प्राणी वर आजोबांकडे जातो का, यावर वकीलबाईंनी विचार करायला वेळ मागितला.

मला या सगळ्यात राग येतो तो वेगळाच. मागच्या एका सफारीत आम्ही पळसाच्या वाळक्या फांदीवर तांबट बघत थांबलो होतो. त्याची ती ठोक-ठोक, भर उन्हात तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तशी. आमच्या माना एका दिशेला वळलेल्या पाहून दोन मिनिटांत चार जिप्स्या धुरळा उडवत आल्या. "कुठे आहे?" "तो काय, फांदीवर." "फांदीवर? बिबट्या?" "तांबट." त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही त्यांचे पैसे घेऊन पळालो होतो. मग त्यांच्या गाईडनं काहीतरी सांगितलं आणि चारही जिप्स्या गेल्या, आणि तांबटही गेला. वाघाला नाव असतं, नंबर असतो, घराणं असतं, त्याची आई कोण आणि भांडण कुणाशी हे सगळ्यांना तोंडपाठ. मला वाघाबद्दल काही म्हणायचं नाही. पण त्याच पळसाखाली उभं राहून पळस न बघणाऱ्यांना मी आयुष्यात कधीतरी मोठ्यानं ओरडणार आहे. कुजबुजीत नाही.

"मग 'ऊ' पण माझी," नात म्हणाली. "मावशींनी पाहिलेली जुनी आहे. माझी नवीन आहे."

"म्हणजे?"

"शाळेत सगळ्यांना झाल्यात. मला पण."

बिबट्या पाच फुटांवर आला तरी हलू नये, हे आम्ही दरवेळी नवख्यांना शिकवतो. सहाशे क्षणात सीटच्या दुसऱ्या टोकाला, लेन्स पोटाशी धरून. वकीलबाईंनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. काका, जे आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घालत आले, ते आपल्याच नातीपासून वीतभर सरकले. मला कानामागे काहीतरी चालल्यासारखं वाटलं. नवऱ्यानं फक्त "खाज येते का गं?" असं तिला विचारलं.

मग मला माझीच लाज वाटली असावी, किंवा थापट्याच्या वेळचा तो चेहरा पुन्हा करायची हौस असावी. मी तिला पुढ्यात बसवलं. वेण्या सोडल्या. डोळ्यांना जवळचं दिसत नाही, चष्मा बॅगेत. पण दुर्बीण उलटी धरली की भिंगाचं काम करते, हे पक्षीनिरीक्षकाला सांगावं लागत नाही. उलटी दुर्बीण तिच्या केसांवर टेकवून मी बघू लागले. बोटांना सगळं आठवत होतं. कानामागे, मानेच्या वर, भांगाच्या कडेनं.

"दिसली!"

"कुठे, कुठे?" वकीलबाई वाकल्या. काका वाकले. सहाशे, कितीही झालं तरी निसर्गप्रेमी, लेन्स सीटवर सोडून वाकले. "हलू नको गं. मॅक्रो आणायला हवी होती. हा माझा लाइफर आहे, आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," ते खरोखर हळहळले.

एका जिप्सीतली सहाच्या सहा माणसं श्वास रोखून एकाच दिशेला वाकलेली दिसल्यावर जे व्हायचं तेच झालं. मागून इंजिनाचा आवाज, धुरळा. एक जिप्सी शेजारी येऊन थांबली. पाठोपाठ दुसरी. पूर्ण लष्करी पोशाखातले एक गृहस्थ अर्धे बाहेर झुकून, आवाज खाली आणून म्हणाले,

"कुठे आहे?"

आमच्यातलं कुणी मान वर करेना. शेवटी नवराच बोलला.

"डावीकडे. कानामागे."

गृहस्थांनी दुर्बीण डोळ्यांना लावून पाणवठ्याच्या डाव्या अंगाचं झुडूप न् झुडूप चाळलं.

"मेल की फीमेल?"

"फीमेलच असणार," नवरा म्हणाला. "अंडी दिसताहेत."